टर्बोची शिट्टी

खंबाटकी घाटाचा चढ लागला, की डिझेल गाडीच्या बॉनेटखालून एक बारीक शिट्टी येते. खिडकी दोन बोटं उघडी असेल तर ती छान कळते. टर्बो धडधाकट असला की ती नुसती कुजबुज; बिघडला की तिला सायरनचा गळा फुटतो. मग गाडी ओढत नाही, मागे निळसर धूर रेंगाळतो, आणि शेजारी बसलेले जाणकार काका ‘क्लच गेला’ म्हणून मोकळे होतात. क्लच गेल्यावर धूर निळा कशाला येईल, हे काकांना विचारायची सोय नसते.

टर्बोत इंजिनाने टाकलेल्या धुरावर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या कुठल्याही आजीला ही युक्ती पेटंटशिवाय पटली असती. दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही तेलाच्या झिरझिरीत थरावर तरंगत. तेल उशिरा पोचलं, काजळलेलं आलं, की संपलं. टर्बो सहसा आपल्या दुखण्याने मरत नाही. घरच्यांच्या हलगर्जीने मरतो, आणि वर बोल त्यालाच लागतो.

म्हणून चांगला मिस्त्री नवा टर्बो खोक्यातून काढायची घाई करत नाही. हवेचा पाइप सोडवून, दांड्याचं टोक चिमटीत धरून डोळे मिटून हलवतो. किंचित प्ले चालतो. पंखा घराला घासला, की मान हलवतो. ‘ऑइल कधी बदललं?’ मालक म्हणतो, ‘आत्ताच तर!’ हे ‘आत्ताच’ गेल्या गणपतीतलं निघतं. ऑइलचा पाइप उजेडाला धरला, तर काजळीतून भोक सुईएवढं उरलेलं. तो पाइप बदलायचा, ऑइल-फिल्टर नवे, रिटर्नची वाट मोकळी, इंटरकूलरात साचलेलं तेल साफ. हाताखालचा पोऱ्या पॅकिंगला सिलिकॉन फासू लागला, की मिस्त्री खेकसतो. त्याचाच तुकडा सुटून तेलाची वाट अडवतो. मग नव्या टर्बोत थोडं स्वच्छ तेल ओतून दांडा बोटाने हळुवार फिरवायचा, इंजिन न पेटवता सेल्फ मारायचा, आणि सुरू झाल्यावर काही मिनिटं ॲक्सिलरेटरला कुणी पाय लावायचा नाही. काकांनी तर नाहीच.

तुम्हीही घाट चढून धाब्यावर थांबलात, की लगेच चावी फिरवू नका. मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू राहू द्या; तेवढ्यात कुणाला तरी चहा सांगायला पाठवा.