पाटी हिरवी, टँकर रोजचा

पायाचा खड्डा खणून होत नाही तोच जाहिरातीत ओळ झळकते, 'प्री-सर्टिफाइड गोल्ड'. गुण मिळालेत ते नकाशाला. भिंत अजून उभी राहायची आहे.

राज्याच्या 2020च्या एकत्रित विकास नियमावलीने हरित इमारतींना जादा चटईक्षेत्र देऊ केलं. हरित मानांकनात आयजीबीसीचं सिल्व्हर किंवा 'ग्रिहा'चे तीन तारे असतील तर मूळ चटईक्षेत्राच्या 3 टक्के, गोल्डला 5, प्लॅटिनमला 7. पुण्यातल्या भावाने 7 टक्क्यांत किती फ्लॅट बसतात, हे बिल्डरला तोंडपाठ असतं.

ठरलेलं मानांकन गाठलं नाही तर दंड आहे. हवाच. पण ती तपासणी भोगवटा पत्राच्या वेळची.

माणसं राहायला येतात ती त्यानंतर!

पश्चिमेच्या खिडकीवर सज्जा, गच्चीवर उष्णता अडवणारा थर, याला गुण द्याच. ते इमारतीबरोबर टिकतं. पण तळघरातला सांडपाणी प्रकल्प? ब्लोअर फिरवायचा तर विजेचं बिल सोसायटीच्या माथी. ब्लोअर बंद झाला की टाकीतले जिवाणू हवेविना मरतात आणि पाण्याला असा वास सुटतो की ते फ्लशला सोडायची कुणाची छाती होत नाही. मग फ्लशलाही टँकर. शेजारी ओल्या कचऱ्याचं यंत्र ताडपत्री पांघरून उभं. प्रमाणपत्रावर दोन्हींचे गुण शाबूत.

सोसायटीवर खापर फोडणं सोपं आहे. ही यंत्रणा चालवायला महिन्याला किती खर्च येतो, हे फ्लॅट विकताना तिच्या सभासदांना कुणी सांगितलं होतं?

बरं, मोजायचं कसं, हे कोडंही नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो कार्यालयीन इमारतींना तारे देतो, तेव्हा वर्षभरात दर चौरस मीटरमागे प्रत्यक्ष किती युनिट वीज लागली ते पाहतो. नकाशा नव्हे, वापर. मग जादा चटईक्षेत्र उचलणाऱ्या गृहप्रकल्पांना हीच फूटपट्टी का नको?

चढलेला मजला उतरवता येत नाही. म्हणून बिल्डरची घसघशीत अनामत तीन वर्षं महापालिकेकडे अडकू द्या. दरवर्षी विजेची बिलं आणि टँकरच्या पावत्या तपासा, मगच पैसे मोकळे करा.

पावत्या शोधायला लागणार नाहीत. सोसायटीच्या खजिनदाराकडे त्या तारीखवार लावलेल्या असतात.