नीळकंठ

अण्णांच्या बुलेटला हात लावायचा नाही, हे आमच्या गल्लीतल्या पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. गाडी जुनी, उजव्या पायाच्या गिअरची, पॉइंटवर चालणारी. अण्णा बँकेतून निवृत्त झाले, त्यांचे गुडघे निवृत्त झाले, पण गाडीचं क्रोम अजून सेवेत आहे. रोज सकाळी जुन्या धोतराची फडकी घेऊन ते खाली उतरतात. एक फडकं धुळीचं, एक पॉलिशचं आणि एक नुसतं खांद्यावर टाकायचं. देवपूजा नंतर. देव घरातच असतात, त्यांच्यावर धूळ कमी बसते.

अण्णांसारखा एक तरी कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेत सापडेल. आभाळ भरून आलं की तो रिक्षाने जातो. लग्नाला गाडीवरून गेला, तर मांडवात कमी आणि पार्किंगमध्ये जास्त असतो. अक्षता पडताना त्याचं अर्धं लक्ष गाडीला टेकून उभ्या राहिलेल्या वऱ्हाड्याकडे असतं.

आणि या माणसाचा दुसरा जीव असतो ॲव्हरेजमध्ये. अण्णांकडे डायरी आहे. टाकी फुल केल्याची तारीख, लिटर, किलोमीटर आणि पंपावरच्या पोराबद्दलचा शेरा, असे तिचे रकाने. दर सर्व्हिसिंगला उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडे एकच मागणी : "अजून दोन किलोमीटर ओढ की रे हिच्यातनं." मिस्त्री बिचारा किती ओढणार? त्याने कार्बोरेटर उघडला, सुईची क्लिप एक खाच वर सरकवली. सुई तेवढी खाली बसली, जेटमधून पेट्रोल कमी येऊ लागलं. गाडी लीन झाली. डायरीत तीन किलोमीटर वाढले. अण्णांनी मिस्त्रीला चहा पाजला, हे उद्यमनगरात अजून सांगतात.

पुढे अण्णा काकूंना घेऊन गणपतीपुळ्याला गेले. जाताना आंबा घाट उतरायचा होता, त्यामुळे काही बिघडलं नाही. येताना चढ, मागे काकू, दोन्ही बाजूंना आंबापोळी आणि कोकमांच्या पिशव्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आरोळी उठली. चोरी झाली असं वाटून आम्ही धावलो. अण्णा गाडीपुढे उकिडवे बसले होते. इंजिनच्या हेडमधून निघून खाली वळणाऱ्या पाइपाचा, म्हणजे बेंडचा, रंग बदलला होता. हेडजवळ राखाडी, मग गर्द निळा, मग जांभळा, मग सोनेरी पिवळा, आणि पुढे नेहमीचं लखलखीत क्रोम. सुंदर दिसत होतं, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

गल्लीने लगेच निदानं केली. पेट्रोलमध्ये भेसळ. समुद्राचा खारा वारा. कुणाची तरी नजर. तिसऱ्यावर अण्णांचा जास्त विश्वास बसला, कारण नजरेचा मालक शेजारीच राहतो.

मिस्त्रीने बेंडकडे बघितलं आणि म्हणाला, "नीळकंठ झालीया गाडी." मग बोलत बसण्यापेक्षा त्याने शेजारच्या लोहाराकडे नेलं. लोहार छिन्नीला पाणी देत होता. आधी कडक केलेली छिन्नी त्याने घासून पांढरी केली होती आणि मागून आच देत होता. लोखंडावर रंग सरकत टोकाकडे यायला लागले : फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा. जांभळा धारेपाशी पोचताच त्याने छिन्नी पाण्यात बुडवली. त्याच्याकडे थर्मामीटर नाही, गरजही नाही. पोलादावर पिवळा चढतो तो सुमारे 220 अंश सेल्सिअसला, निळा सुमारे 300 ला. क्रोम किंवा स्टेनलेस असेल तर तेच रंग चढायला बरीच जास्त आच लागते.

यात रंग म्हणून काही लागलेलं नसतंच. तापलेला धातू हवेतला ऑक्सिजन घेतो आणि अंगावर ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा धरतो, जाडी मिलिमीटरच्या काही लाखांश. थोडा उजेड पापुद्र्याच्या वरून परततो, थोडा तळावरून, आणि दोघांच्या भेटीत काही रंग मरतात, काही उठून दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोल सांडल्यावर दिसतात ते रंग याच हिशेबाचे. पापुद्रा जाड होत जाईल तसा पिवळ्याचा निळा होतो. गाडी थंड झाली म्हणून तो पातळ होत नाही. बेंडवर राहते ती सगळ्यात वाईट दिवसाची नोंद, आणि अण्णांची ती डायरीत नव्हती.

आता आच आली कुठून? पेट्रोल कमी पडलं की मिश्रण रेंगाळत जळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी जळणं संपलेलं नसतं, ती आग बेंडात उतरते. शिवाय जास्तीचं पेट्रोल वाफ होताना थोडी उष्णता खातं, तीही सोय गेली. ठिणगीचं टायमिंग मागे असेल तरी हेच. त्यात अण्णा रोज सकाळी गाडी स्टँडवर लावून पाव तास 'गरम' करतात. उभ्या गाडीला वारा नाही, बेंड शेकत राहतो. थोडक्यात, पोर लाडानेच बिघडलं होतं.

बेंडच्या वळणावर एक गोल डाग होता. अण्णांनी सगळ्या पोरांची बोटं तपासली. शेवटी निघाला तो दसऱ्याच्या पूजेत काकूंनी तुपकट हाताने लावलेल्या कुंकवाचा. तूप-तेल तापलं की धातूवर भाजून बसतं, जन्माचं. काकू म्हणाल्या, "बरं झालं, तुमच्या गाडीवर माझी एक तरी खूण राहिली."

अण्णांनी मग पेस्ट आणली आणि घासायला बसले. निळा गेला, जोतिबाच्या चढावर परत आला. पुन्हा घासला. मिस्त्री ओरडला, कारण वरचं क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं, ते झिजलं की खालचं निकेल उघडं पडतं आणि पुढे गंज. गंमत म्हणजे अण्णांच्या भाच्याने याच सुमारास पैसे मोजून निळ्या टोकाचा सायलेन्सर बसवला. आवाज असा, की पोलिसांनी तो काढून घेतला. असले सायलेन्सर शेवटी रोडरोलरखाली जातात. अण्णांना पहिल्यांदाच पोलिसांबद्दल आदर वाटला.

मिस्त्रीने तोडगा दिला होता : सुई एक खाच वर घेऊ, टायमिंग लावू.

"ॲव्हरेज किती जाईल?"

"तीन किलोमीटर."

अण्णा बराच वेळ बेंडकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे निळा."

वाचकहो, तुमच्या गाडीचा बेंड निळा पडला, तर फडकं शोधू नका. प्लग काढून बघा. टोक पांढरंफटक असेल तर मिश्रण आणि टायमिंग तपासून घ्या, हेडजवळचं पॅकिंग फुंकत नाही ना तेही बघा. एवढं करून निळा रंग जाणार नाही, पण पिस्टन आणि व्हॉल्व्ह वाचतील, आणि ते तीन किलोमीटरपेक्षा महाग असतात.