लाकडी माशाच्या ओठांचे कलमवार विवेचन

ज्या इसमास आपल्या हाताने लाकडाचा मासा घडवून, त्याला गळ लावून, तो खाडीत फेकून त्यायोगे खरा मासा पकडण्याची इच्छा उत्पन्न झाली असेल, त्याने प्रथम घरातील मंडळींची संमती घ्यावी, आणि ती न मिळाल्यास (मिळत नाहीच) पुढील विवेचन एकांतात वाचावे. मासा घडवणे अवघड नाही. पांगाऱ्याचे हलके लाकूड, बऱ्यापैकी धारेचा चाकू आणि सुटीचे दोन दिवस एवढ्या भांडवलावर कोणीही मत्स्यसदृश वस्तू निर्माण करू शकतो. मी निर्माण केलेल्या वस्तूला घरच्यांनी खुरप्याची मूठ समजून माळ्याच्या स्वाधीन केले, हा भाग निराळा. खरी मेख आहे ती माशाच्या हनुवटीखालून पुढे आलेल्या त्या चपट्या तुकड्यात, ज्याला या छंदातले तरुण ‘लिप’ म्हणतात आणि ज्याच्या अभावी आपला मासा पाण्यातून दातवणाच्या काडीसारखा निर्विकारपणे ओढला जातो.

या अवयवाला मराठीत काय म्हणावे, हा कज्जा आमचे थोरले मेहुणे आणि मी यांच्यात गेली तीन वर्षे प्रलंबित आहे. मी सरळ ‘ओठ’ म्हणतो. मेहुण्यांचा आग्रह ‘लाळेरे’ या शब्दाचा आहे. हे गृहस्थ मोजणी खात्यातून निवृत्त झालेले असून, पस्तीस वर्षे परक्यांचे बांध मोजल्यानंतर आता त्यांना मोजण्याजोगे माझ्याखेरीज फारसे काही उरलेले नाही. त्यांच्या बाजूने एक भक्कम दाखला असा, की आपल्या खाडीतला जिताडा हाच ज्यांच्याकडे बॅरामंडी या नावाने मिरवतो, ते ऑस्ट्रेलियातले गळवाले या तुकड्याला ‘बिब’, म्हणजे अक्षरशः लाळेरेच, म्हणतात. असे असूनही मी ओठच म्हणणार. लेखणी माझ्या हाती आहे.

ओठाचे कार्य थोडक्यात असे. तंगूस ओढला की समोरचे पाणी ओठाच्या उतरणीवर आदळते, नाक खाली दाबले जाते आणि मासा बुडी मारतो. शिवाय तेच पाणी ओठाच्या डाव्या-उजव्या कडांवरून आळीपाळीने निसटत असल्यामुळे तो अंग झुलवीत, शेपूट हलवीत चालू लागतो. ओठ जितका उभा तितकी बुडी उथळ. जितका शरीराच्या रेषेत निजलेला आणि लांब, तितकी खोल. रुंदी वाढवली की डुलणे वाढते. शास्त्र एवढेच आहे. परंतु दहा माशांना दहा एकसारखे ओठ लावणे, हा मात्र मनुष्याचा स्वभाव उघडा पाडणारा उद्योग आहे.

कलम पहिले, फर्म्याविषयी. प्रत्येक ओठ नव्याने आखू नये. पितळी पत्र्याचा एकच फर्मा कापून, कानशीने निगुतीने घासून, त्यावर टोच्याने मध्यरेषा कोरावी, आणि तहहयात त्याच्याच बरहुकूम आखणी करावी. गोलाईसाठी नाणे ठेवावे. सरकारने आपल्यासाठी इतकी निर्दोष वर्तुळे पाडून ठेवली असताना कंपासपेटी शोधत बसू नये. नकलेवरून नक्कल तर कदापि काढू नये, कारण दर खेपेस पेन्सिलीच्या रेघेची जाडी मूळ आकृतीत मिळत जाते. मी हे पथ्य पाळले नाही, सबब माझा सहावा ओठ पहिल्या ओठाचा काका दिसू लागला. मेहुण्यांनी दोन्ही शेजारी ठेवले, वर्निअर लावला आणि काही न बोलता वहीत नोंद केली. ते बोलले असते तर बरे झाले असते.

कलम दुसरे, साहित्याविषयी. ॲक्रिलिक दिसायला देखणे, पण दगडावर आपटताच तडकते. पावडरच्या डब्याचा पत्रा पहिल्याच माशाच्या हिसक्याने वाकतो. पॉलिकार्बोनेट उत्तम, आणि ते प्रत्येकाच्या घरात जुन्या सीडीच्या रूपाने धूळ खात पडलेले असते. या तबकडीचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर, भजनाची असो वा लावणीची, जगात कुठेही घ्या, मापात फरक नाही. एकसमानतेचा शोध घेणाऱ्या साधकाला याहून मोठा प्रसाद कोणता? डीव्हीडी मात्र घेऊ नये: ती ०.६ मिलिमीटरच्या दोन पापुद्र्यांची चिकटवलेली असते आणि कानस लागताच संयुक्त कुटुंबाप्रमाणे दुभंगू पाहते. सीडीच्या नावाच्या बाजूवर चाकूने दोन ओरखडे काढून त्यावर खोक्यांना लावण्याची रुंद चिकटपट्टी दाबून बसवावी आणि एका झटक्यात उपटावी, म्हणजे चंदेरी मुलामा पट्टीवर येऊन खाली काचेसारखी स्वच्छ चकती उरते. नंतर ती गरम पाण्यात धरून मगच कात्री लावावी, अन्यथा तिला केसासारख्या चिरा जातात.

या कलमास एक उपकलम जोडणे भाग आहे. मुलामा उपटण्यापूर्वी तबकडीवर काय लिहिले आहे ते वाचावे. मेहुण्यांनी, ज्यांनी हयातीत एकही सातबारा न वाचता हातावेगळा केला नाही त्यांनी, कपाटातली एक तबकडी जुन्या नकाशांची समजून काढली, उताणी-पालथी न पाहता तिच्यावर पट्टी ओढली आणि तिचे अकरा ओठ पाडले. दुसऱ्या दिवशी वहिनींना केराच्या टोपलीत ती चिकटपट्टी सापडली. चंदेरी पापुद्र्यावर निळ्या शाईत, त्यांच्याच अक्षरात, लिहिलेले होते: ‘ताईचे लग्न, भाग १, हळद व सीमांतपूजन.’ त्या संध्याकाळचा तपशील देण्याचे प्रयोजन नाही. “भाग दोन वेगळ्या कप्प्यात होता म्हणून वाचला,” एवढेच वहिनी मला म्हणाल्या. भाग दोनमध्ये पाठवणी आहे, आणि त्या पाठवणीत मांडवाच्या खांबाला टेकून, उपरण्यात तोंड खुपसून, मोजणी खात्यातला एक अत्यंत कडक अधिकारी बराच वेळ रडताना दिसतो.

कलम तिसरे. कापलेले तुकडे सुटे सुटे घासू नयेत. प्रत्येकाला दोन भोके पाडून सगळी चळत दोन बारीक बोल्टांनी आवळावी, व्हाइसमध्ये धरावी आणि एकदमच कानस चालवावी. एकाची चूक झाली तर सर्वांची सारखीच होते, आणि सारखी चूक हीच निम्मी शिस्त होय.

कलम चौथे मेहुण्यांशी झालेल्या मतभेदामुळे स्थगित आहे.

कलम पाचवे, खाचेविषयी. येथे बहुतेक नवशिके बुडतात. ओठाची खाच लाकूड चौकोनी ठोकळ्याच्या रूपात असतानाच पाडावी. मासा कोरून गोल झाल्यावर करवतीला टेकायला सपाट बाजू उरत नाही, गुण्या लागत नाही, आणि मग मनुष्य डोळ्यांच्या अंदाजावर विसंबतो. ठोकळा लाकडी खोबणीत बसवून, त्या खोबणीच्या भिंतींना एकदाच ठरवलेल्या कोनात चिरा पाडून, दर वेळी त्याच चिरांतून हॅक्सॉचे पाते चालवले की कोन आपोआप कायम राहतो. खाच किंचित अरुंद पडली तर घडी केलेल्या पॉलिश पेपरने रुंद करावी. ओठ बसवल्यावर मासा नाकासमोर धरून पाहावे: पाठीचा कणा ओळंब्यात असेल तर ओठ त्याला काटकोनात आडवा दिसला पाहिजे. एका बाजूला झुकलेल्या ओठाचा मासा कुशीवर पडतो आणि गोल गोल फिरत आपल्याच बोटाकडे परत येतो.

कलम सहावे. चिकटवण्यास दोन नळ्यांचे एपॉक्सी वापरावे, आणि ते वाळेपर्यंत हात लावू नये. (हे कलम मी स्वतःसाठी लिहिले आहे.)

कलम सातवे, हौदाविषयी. प्रत्येक मासा खाडीवर नेण्यापूर्वी वाडीतल्या हौदात ओढून पाहावा. तो डावीकडे जात असेल तर तंगूस बांधण्याची कडी पक्कडीने उजवीकडे अगदी केसभर वाकवावी, उजवीकडे जात असेल तर डावीकडे. केसभर म्हणजे किती, असे मेहुण्यांनी विचारले. मी माझा एक पांढरा केस काढून दिला; त्यांनी तो मोजला.

या ठिकाणी मेहुण्यांच्या आराध्य दैवताचा उल्लेख टाळता येत नाही. फिनलंडचा लाउरी रापाला नावाचा एक गरीब कोळी, जन्म १९०५ चा, त्याने १९३६ च्या सुमारास बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप चढवला. पुढे १९६२ मध्ये ‘लाइफ’ने मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतर काढलेल्या अंकात त्या माशावर लेख छापला, आणि मागणी पुरवता पुरवता त्या कुटुंबाची दमछाक झाली. रापाला आपला प्रत्येक मासा पाण्यात ओढून तपासल्यावाचून विकत नसे, हे मेहुणे मला दर रविवारी ऐकवतात. त्याच रापालाच्या चरित्रातला दुसरा भाग मी त्यांना ऐकवतो: होडीतून वाकून पाहताना त्याच्या ध्यानात असे आले होते, की मोठा मासा शेकडो लहान माशांचा थवा सोडून नेमक्या त्याच एकावर झडप घालतो, जो जरासा लंगडत, वेडावाकडा पोहत असतो. म्हणजे तो बिचारा आयुष्यभर एकच वाकडेपणा हजारो वेळा बिनचूक उतरवत बसला. यावर मेहुणे म्हणतात, “तेच तर मी सांगतोय, भावजी!” आणि मीही तेच सांगत असतो.

आता निकाल. ताईच्या हळदीतून निघालेल्या अकरा ओठांपैकी दहा इतके एकसारखे उतरले, की मेहुण्यांनी ते पाटावर मांडून चहा घेतला. अकराव्याला जागा कमी पडल्यामुळे तबकडीच्या मधल्या भोकाचा चतकोर त्याच्या कडेत आला होता. वहीत त्याच्यापुढे ‘नापास’ असा शेरा पडला. तो मी खिशात टाकला आणि खाच तिरकी गेलेल्या एका टाकाऊ माशात बसवला. अश्विनातल्या एका ओहोटीला, तिवरांच्या मुळांशी पाणी गढूळ वाहत असता, दहा पास झालेल्यांनी दोन तास पाणी गाळले. अकरावा तिसऱ्या फेकीला थबकला, लंगडला, आणि पाण्याखाली कोणी दार आपटावे तसा आवाज झाला. पाच किलोंचा जिताडा. आमच्या जिल्ह्यात एके काळी ज्याच्या एका नगाने कचेरीतली तुंबलेली कामे मार्गी लागत असे जुने लोक सांगतात, तोच. पुढल्या पंधरवड्यात त्याच ओठाला आणखी एक मोठा धरला, पण जिताड्याच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते. तंगूस कापला गेला आणि अकरावा त्याच्यासोबत खाडीत गेला. त्याचे माप कोणीही घेतलेले नव्हते.

तेव्हापासून मेहुण्यांनी दहाही ओठांना कानशीने चतकोर पाडून पाहिले, आठवणीने चित्रे काढली, मला त्या तिरक्या खाचेचा कोन शपथेवर विचारला. दहाही वाया गेले. परवा मी गेलो तेव्हा ते वहिनींच्या कपाटासमोर उभे होते. कपाटाला कुलूप, वरच्या खिशात वर्निअर. घरात तबकडी लावायचे यंत्र बंद पडून बरीच वर्षे झाली, हे त्यांनी मला आवर्जून सांगितले. मग स्वयंपाकघराकडे एकवार पाहून आवाज खाली आणला.

“खरं सांगू का भावजी, त्या पाठवणीत तसं पाहण्यासारखं काही नव्हतं हो.”