मागच्या बाकावरच्या खासदारांस अनावृत पत्र

मा. खासदार महोदय,

परवा रात्री हाउस ऑफ कॉमन्समध्ये आपल्या गावच्या बायपासवर तुम्ही केलेलं भाषण मी घरी बसून शेवटपर्यंत पाहिलं. सभागृहात ते ऐकायला इनमीन पाच-सहा टाळकी होती, म्हणून मुद्दाम कळवतो. राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही मला इथे मत देता येतं. तेव्हा हे कौतुक मतदाराचं आहे, पाहुण्याचं नाही.

दिवसाचं कामकाज उरकलं की शेवटचा अर्धा तास तुमच्यासारख्या सदस्याच्या वाट्याला येतो, आणि त्या वेळी सभागृहापुढे प्रस्ताव असतो ‘सभागृह आता तहकूब व्हावं’ असा. म्हणजे आपला बायपास घरी जायच्या ठरावावर चर्चिला गेला! मतदान नाही, निर्णय नाही. अर्धा तास भरला की सगळे मोकळे. इतकं हमखास तडीला जाणारं काम त्या इमारतीत दुसरं नसावं.

मग राज्यमंत्री उठले. तुमच्या तळमळीला दाद दिली, गावच्या जुन्या चर्चचं कौतुक केलं, रस्ता काउंटी कौन्सिलच्या अखत्यारीतला आहे हे सांगितलं आणि भेटीला वेळ द्यायचं कबूल केलं. इतकं गोड ‘नाही’ मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. तुम्ही वर आभारही मानलेत.

आमच्या सह्यांच्या अर्जाचंही तेच. तुम्ही तो वाचून दाखवलात, चालत गेलात आणि स्पीकरच्या खुर्चीमागे टांगलेल्या हिरव्या पिशवीत टाकलात. पुढे खात्याचा अभिप्राय छापून आला: रस्ता काउंटीचा.

बुधवारच्या उठाबशाही मी पाहतो. पंतप्रधानांचं एकेक उत्तर संपलं की स्पीकरची नजर पडावी म्हणून ताडकन उभं राहायचं, नाव पुकारलं नाही की मुकाट बसायचं. खासदार ६५०, बाकांवर जागा सव्वाचारशेच्या आसपास. त्यामुळे कधी कधी बसणंही नशिबात नसतं.

खचू नका, असं लिहायला गेलो आणि खासदार डेव्हिड एमेस आठवले. साउथएंडला शहराचा दर्जा द्या, ही मागणी ते वर्षानुवर्षं कुठल्याही विषयात घुसडत आणि सभागृह हसत असे. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मतदारांना भेटत असतानाच त्यांचा खून झाला. तीन दिवसांनी पंतप्रधानांनी तो दर्जा जाहीर करून टाकला. तीन दिवसांत होण्यासारखं होतं तर ते!

बायपाससाठी आम्हाला कुणाचं रक्त नको. तुम्ही आपले उठत-बसत राहा. एकच विनंती: पुढची चर्चा सोमवारी घेऊ नका. सोमवारी सभागृह रात्री साडेदहाला उठतं, आणि मला सकाळी कामावर जायला त्याच रस्त्यानं पाऊण तास आधी निघावं लागतं.

आपला,
एक मराठी मतदार