अमर प्लॅस्टिकची दुखणी

प्लॅस्टिक कुजत नाही, हे चौथीतल्या पोरालाही पाठ असतं. पिशवी जमिनीत वर्षानुवर्षं तशीच पडून राहते, गाईच्या पोटात जाते, नाले तुंबवते. म्हणून तर 2018 साली महाराष्ट्र सरकारनं पिशव्यांवर बंदी घातली. इतकं चिवट बेणं दुसरं नाही, असं आपण समजून चालतो. पण ज्यांनी प्लॅस्टिक मुद्दाम जपायला घेतलंय त्यांना एकदा विचारा. रडकुंडीला आलेली असतात ती माणसं. नको असलेलं प्लॅस्टिक भरतीबरोबर पुन्हा चौपाटीवर हजर होतं, आणि हवं असलेलं कपाटातल्या कपाटात जीव सोडतं.

माझा पुतण्या अशा माणसांपैकी. मुलुंडला राहतो, बँकेत आहे, डोक्यावर घराचं कर्ज आहे आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटात स्टार वॉर्सपासून बॅटमनपर्यंत वीतभर उंचीची पलटण उभी आहे. पलटणीची किंमत घरात फक्त त्यालाच ठाऊक आहे आणि ती सूनबाईंना कळू नये, एवढंच त्याचं देवाकडे मागणं असतं. आमची आई, म्हणजे त्याची आजी, या सगळ्यांना सरसकट 'मंडळी' म्हणते. "मंडळींना धूळ बसलीय रे," वगैरे.

पावसाळ्यात एकदा त्यातला एक झगेवाला वीर त्यानं माझ्या हातात दिला. "काका, हात लावून बघ." मी लावला. झगा बोटाला चिकटला आणि सोडवताना चुट् असा बारीक आवाज आला. गुडघ्यामागच्या घडीत आणि काखेत तेलकट थेंब जमले होते, त्या थेंबांत कापसाचा एक तंतू आणि कुणाची तरी पापणी अडकलेली. पुतण्याचा चेहरा आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकाचा झाला होता.

प्रकार असा असतो. पीव्हीसी मुळात कडक. आपल्या बाथरूमचे पाइप त्याचेच. त्यातून मऊ झगा किंवा वाकणारा हात करायचा तर त्यात प्लॅस्टिसायझर घालावा लागतो, बहुधा थॅलेट जातीचं तेलकट द्रव्य. ते पीव्हीसीशी रासायनिक गाठ बांधत नाही, नुसतं पोटभाडेकरू म्हणून राहतं. मुंबईतले भाडेकरू घर सोडत नाहीत. हा मात्र सोडतो, आणि जाताना ओटा चिकट करून जातो. उकाडा वाढला की त्याची निघायची घाई वाढते. हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलेलं आहे. कंपासपेटीत खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला टेकून मे महिनाभर पडला की जूनमध्ये दोघं एकजीव झालेले असायचे आणि ओढून काढलं की पट्टीवर रबराच्या आकाराचा खळगा. खोडरबरातलं तेल पट्टीत शिरायचं आणि तिला विरघळवायचं. तेव्हा आपण त्यासाठी शेजारच्या बाकावरच्या मुलाला जबाबदार धरत असू.

घरात काही टिकवायचं तर आईकडे ठरलेले उपाय आहेत. पहिला उपाय ऊन. गाद्या, डाळी, शालू, सगळ्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवलं की तिच्या मते निम्मे प्रश्न मिटतात. तेव्हा मंडळींना घाम फुटलाय हे कळल्यावर तिनं ऑक्टोबरातल्या पहिल्या कडक दुपारी त्यांना गॅलरीत, जुन्या लुगड्यावर, ओळीनं निजवलं. पांढऱ्या चिलखतांचे स्टॉर्मट्रूपर एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. पुतण्या बँकेतून आला आणि शेजाऱ्यांनी दार उघडून पाहावं अशा आवाजात ओरडला.

"आजी, उन्हानं पिवळे पडतात गं ते!"

बरोबर होतं त्याचं. पांढरं एबीएस प्लॅस्टिक ऊन आणि हवा लागून हळूहळू पिवळट होतं. जुन्या फ्रीजचं हँडल किंवा कॉम्प्युटरचा खोका ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. एका दुपारीनं काही बिघडत नाही, पण संग्राहकाला ते पटत नाही. गंमत पुढेच आहे. 2008 च्या सुमारास जुने कॉम्प्युटर जपणाऱ्या हौशी मंडळींनी या पिवळेपणावर तोड काढली. हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली किंवा चक्क उन्हात ठेवायचं, की रंग पुन्हा पांढरा. कायमचा नाही, काही दिवसांनी पिवळटपणा परतूही शकतो. पुतण्यानं हे आजीला भाबडेपणानं समजावून सांगितलं. आईनं शांतपणे विचारलं, "म्हणजे ऊनच लागतं ना शेवटी?"

दुसरा उपाय डांबराच्या गोळ्या. तो मी स्वतः मध्ये पडून थांबवला, कारण त्यांची वाफ काही जातींच्या प्लॅस्टिकला मऊ करते, आणि गोळी टेकलेली असेल तिथे डाग पाडते. शालूला वाचवणारी गोळी बॅटमनला खाऊन टाकेल, हे वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारेन असं वाटलं नव्हतं.

तिसरा उपाय बरणी. इथे मात्र प्रकरण रंगतं. हौशी संग्राहकांचं म्हणणं असं, की चिकट झालेलं खेळणं कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण टाकून हलक्या हातानं धुवा, पुसा आणि उघड्या हवेत ठेवा. खोक्यात बंद ठेवलं तर सुटलेलं तेल जाणार कुठे, ते अंगावरच साचतं. पण डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्लॅस्टिकच्या जतनावर संशोधन केलेल्या इव्हॉन शाशुआ यांचा निष्कर्ष उलट जातो. मऊ पीव्हीसी बंद काचेत ठेवलं तर प्लॅस्टिसायझर कमी उडतो आणि वस्तू जास्त टिकते. मोकळी हवा खेळत राहिली तर तेल निघून जातं आणि वस्तू आकसते, कडक होते. आपल्या नेहमीच्या पिशव्यांचं पॉलिथिन तर ते तेल शोषून घेतं, म्हणजे पिशवी इथेही नकोच. थोडक्यात, चिकट म्हातारपण हवं की ठिसूळ, एवढीच निवड. आणि हा नियमही सगळ्यांना लागू नाही. सेल्युलॉइडच्या जुन्या बाहुल्या, ज्यांत कापूर मिसळलेला असायचा, त्या बिघडताना आम्लाच्या वाफा सोडतात. त्यांना बंद ठेवलं तर स्वतःच्याच वाफेत लवकर संपतात.

आईला यातलं एकच कळलं, आणि तेवढंच पुरेसं होतं. "काचेची बरणी ना? मी केव्हाची सांगतेय. कोरडी करून घे मात्र."

बाकीच्यांची दुखणी ज्याची त्याची. महागड्या फिगरचं कातडी जाकीट खरं तर रेक्झिनचं भावंड. दमट हवेत त्यातल्या पॉलियुरेथेनचे पापुद्रे सुटतात, ऑफिसातल्या खुर्चीचे सुटतात तसेच, फक्त इथे खुर्ची पाच इंच उंच असते आणि तिला नाव असतं. 1959 पासूनच्या जुन्या बार्बींचे कान हिरवे होतात. डुलाच्या धातूतलं तांबं मऊ प्लॅस्टिकमध्ये उतरतं. खोटे दागिने घालणाऱ्या कुठल्याही बाईला याचं आश्चर्य वाटणार नाही. ट्रान्सफॉर्मर्सच्या काही चमकीदार सोनेरी खेळण्यांचं तर असं, की वर्षानुवर्षं खोक्यात सीलबंद जपावं आणि शेवटी हात लावावा तर बिस्किटाचा चुरा. 1976 साली अमेरिकेत स्ट्रेच आर्मस्ट्राँग नावाचा ओढला की लांब होणारा पैलवान निघाला होता; त्याच्या रबरी कातडीत मक्याचा दाट पाक भरलेला असे. जुने झाले की ते गळतात. आपल्याकडे आला असता तर मुंग्यांनी त्याला पहिल्याच उन्हाळ्यात सोडवला असता.

किल्ल्यावरचा मातीचा मावळा पडला तर फुटतो, नाक जातं, पुढच्या दिवाळीला रंग देऊन पुन्हा पहाऱ्यावर उभा राहतो. पडलाच नाही तर त्याला काही होत नाही. न पडता, न हलता, नुसतं उभं राहून आजारी पडणं ही प्लॅस्टिकचीच खासियत. त्यामुळे न उघडलेल्या खोक्यासाठी दुप्पट पैसे मोजणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही, काळजी वाटते. ते जे विकत घेतात तो बाहेरचा पुठ्ठा आणि आतल्याबद्दलचा विश्वास.

त्यातल्या त्यात ज्याचं दुखणं बरं होतं तो जी. आय. जो. एमआरएफच्या फनस्कूलनं हे जवान भारतात विकले. नव्वदीतल्या कितीतरी पोरांकडे ते असत. 1982 नंतरच्या या पावणेचार इंची जवानाच्या पोटात एक रबरी ओ-रिंग असते. तिच्या ताणावर धड आणि पाय एकत्र राहतात. काही वर्षांनी रबर सुकतं, तडकतं, आणि एके दिवशी फळीवरचा जवान कुणी हात न लावता दोन ठिकाणी पडलेला दिसतो. कंपनीचा दोष नाही, रबर म्हणजे रबर. पुतण्या अशी रिंग घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेला तर दुकानदारानं तोंडही वर न करता विचारलं, "नळाची की कुकरची?" कमांडोची, असं काही त्याला सांगवेना.

तुमच्याही माळ्यावर, बुटाच्या खोक्यात, असे जवान पडलेले असणार. येत्या रविवारी काढून बघा. पाठीत एकच स्क्रू असतो, बारीक स्क्रूड्रायव्हरनं सुटतो, आणि रिंग चार-दोन रुपयांची. तेव्हा नुसते पाय हाती लागले म्हणून फेकून देऊ नका. धड त्याच खोक्यात खाली कुठेतरी असतं.