आवाज कुणाचा?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रॅपर यो यो हनी सिंग नागपुरात आला, पण कार्यक्रमाला नाही. तो पाचपावली पोलिसांना आपला आवाज द्यायला आला होता. एरवी त्याला ऐकायचं तर तिकीट काढावं लागतं. पोलिसांनी न्यायालयाचा आदेश काढला. नागपूरकराला पोलीस ठाण्याचा हेवा वाटावा, असा हा एकमेव प्रसंग.

इंटरनेटवर अश्लील गाणी टाकल्याचा गुन्हा दाखल होऊन तेव्हा कित्येक वर्षं उलटली होती. भारतीय दंड संहितेची कलमं २९२, २९३, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा. गाण्यातला आवाज त्याचाच का, एवढंच तपासायचं होतं. आरोपीला आवाजाचा नमुना द्यायला लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली रितेश सिन्हा खटल्यात स्पष्ट केलं होतं. तपासाची रीत साधारण अशी, की वादातल्या ध्वनिफितीतलेच काही शब्द आरोपीकडून वदवून घ्यायचे आणि जुळवून बघायचे. म्हणजे जे शब्द जनतेच्या कानावर पडू नयेत म्हणून एवढा खटाटोप, ते सरकारी खर्चाने पुन्हा एकदा आणि सावकाश. त्यात मूळ गाण्यातला आवाज यंत्रातून गुळगुळीत होऊन आलेला. माणसाचा नमुना घेतला, यंत्राचा कोण घेणार?

बरं, मधली वर्षं नागपूर काय करत होतं? नाचत होतं. २०१३ साली त्याचंच ‘लुंगी डान्स’ आलं, आणि तेव्हापासून धुमाल बँडवाल्यांची एकही वरात त्याशिवाय मांडवापर्यंत पोचली असेल असं वाटत नाही. वरातीत एक काका हमखास असतात. ‘पोरं लय बिघडून रायली बाप्पा,’ असं म्हणत ते रुमाल दातात धरतात आणि बँडबाज्याच्या मधोमध शिरतात. त्या काकांचा नमुना घ्यायची कुणाला बुद्धी झाली नाही. दोष गाणाऱ्याच्या गळ्यात असतो, नाचणाऱ्याच्या पायात नसतो, असा आपला कायदा.

राजकीय रॅपच्या बाबतीत मात्र आपली यंत्रणा विलक्षण तल्लख आहे. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या रॅपर राज मुंगासेवर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच्या रॅपमध्ये पन्नास खोके होते, चोर होते, नाव कुणाचंच नव्हतं. तरी शिंदे गटाच्या युवासेनेकडून तक्रार गेली. गाणं व्हायरल झाल्यावर काही दिवसांतच! प्रयोगशाळा नाही, नमुना नाही, ताळमेळ नाही. पहिल्या खटल्यात गाणारा कोण हे कळायला वर्षं लागतात. दुसऱ्यात गाणं कुणावर आहे हे ऐकणाऱ्याला पहिल्याच कडव्यात उमगतं. इतका जाणकार श्रोता बालगंधर्वांनाही लाभला नसेल. बिचाऱ्या मुंगासेला नावं घालायचे कष्टसुद्धा पडले नाहीत, ती तक्रारदारांनीच पुरवली. मुळात ‘खोके’ ही त्याची निर्मितीही नव्हे. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबईत विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी तोच ठेका धरला होता, हातवारे आणि ताल यांसकट. त्यांच्यावर मात्र कुणी गुन्हा नोंदवला नाही. बहुधा तो ठेका शास्त्रीय संगीतात मोडत असावा.

नागपूर करारामुळे बहुतेक हिवाळ्यांत हेच विधिमंडळ आमच्या सिव्हिल लाइन्सला मुक्कामाला येतं. हुरडा, सावजी, मोर्चे आणि संत्र्याची बर्फी यांतून वेळ काढून विधेयकं मंजूर होतात, तीही बऱ्याचदा आवाजी मतदानाने. अध्यक्ष विचारतात, गलका होतो, ‘होयचे बहुमत’ म्हणून विषय संपतो. त्या गलक्यात कुणाचा आवाज कुणाच्या पक्षाचा, हे विचारायची सोय नाही. गेल्या काही वर्षांत तर आवाजाच्या धन्यालाही ते नक्की सांगता आलं नसतं. पाचपावली पोलीस ठाणं तिथून फार लांब नाही. नमुने घेण्याचा अनुभवही त्यांच्या गाठीशी आहे. फक्त कुणीतरी आदेश आणायला हवा.