अर्धा फणस

ड्यूसेलडॉर्फ,
१ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आबाकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गडग्यावरच्या फणसाचं प्रकरण यंदाही जैसे थे आहे हे वाचून घरी सगळं नेहमीसारखं चाललंय याची खात्री पटली. पण "तुमच्याकडे बरं, माणसं शिस्तीची, झाडावरून कोणी एकमेकांचं तोंड बघायचं टाकत नाही" हे तुमचं वाक्य मान्य करता येत नाही. आबाकाका, टाकतात. मनापासून टाकतात. १९९९ साली सॅक्सनीतल्या आउअरबाख गावच्या एका बाईंनी शेजाऱ्याचं झुडूप आपल्या जाळीच्या कुंपणात घुसतं म्हणून तक्रार केली. झुडूप कसलं, तर बोरांएवढ्या पांढऱ्या फळांचं, पायाखाली आली की फट्कन फुटणाऱ्या. प्रकरण टीव्हीवरच्या न्यायालयात गेलं, तिथे बाईंनी 'जाळीचं कुंपण' हा शब्द आपल्या गावरान हेलात उच्चारला आणि श्टेफान राब या विनोदवीराने त्या एका शब्दावर गाणं केलं. ते देशात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि लोक गाड्या काढून कुंपण बघायला येऊ लागले. आपल्याकडे फणसावरून इतकी वर्षं वाद आहे, पण गडगा बघायला अजून एसटी सुटलेली नाही.

तेव्हा इथली माणसं गुणाने आपल्यापेक्षा बरी आहेत हा मुद्दा निकालात निघाला. तरीही झाडाची बहुतेक भांडणं इथे एका पिढीत संपतात, आणि माझ्या मते त्याचं कारण स्वभाव नसून माप आहे. जमिनीचं माप आपल्याकडेही आहे. हद्द कायम मोजणीचे पैसे भरा, भूमापक येतो, खुणा दाखवून जातो. इथे माप भांडणालाच लावलेलं आहे: किती अंतरावरून, किती वर्षांपर्यंत, वर्षाच्या कुठल्या महिन्यात आणि किती हिश्शाने भांडायचं. आमच्या नॉर्थ ऱ्हाइन वेस्टफालिया राज्यात ओक, बीचसारखं दांडगं झाड हद्दीपासून ४ मीटर आत लावायचं. कुंपणाची हिरवी वई २ मीटरपर्यंत उंच असेल तर अर्धा मीटर आत, त्याहून उंच असेल तर एक मीटर. आणि आता खरी गंमत. शेजाऱ्याने झाड फार जवळ लावलं, तर लावल्यापासून ६ वर्षांच्या आत दावा करायचा. ती गेली की झाड तिथेच राहणार, तुमची बाजू कितीही खरी असली तरी. 'आजोबांच्या वेळेपासून आमचं म्हणणं आहे' हे वाक्य आपल्याकडे पुराव्यासारखं वापरलं जातं. इथे ते उशीर झाल्याची कबुली ठरतं. पुढच्या पिढीला वारसाहक्काने झाड मिळतं, रुसवा मिळत नाही. महिन्यांचंही तसंच. वई मुळापर्यंत छाटायला १ मार्च ते ३० सप्टेंबर बंदी असते, पाखरांची घरटी असतात म्हणून. राग एप्रिलमध्ये आला तर ऑक्टोबरपर्यंत तो धरून ठेवावा लागतो, आणि सहा महिने राग ताजा ठेवणं हे सोपं काम नाही. आज सकाळपासून गल्लीत करवतींचा आवाज घुमतोय. ज्यांचा टिकला ते कामाला लागलेत.

आता आपल्या फणसाकडे येतो, कारण नेमक्या हद्दीवरच्या झाडासाठी जर्मन दिवाणी संहितेत स्वतंत्र कलम आहे, ९२३ वं. संहिता १ जानेवारी १९०० पासून लागू आहे, म्हणजे कलम फणसापेक्षा वयाने थोरलंच असावं. झाडाचा बुंधा जमिनीतून वर येतो तिथे हद्दीची रेघ त्याला छेदून जात असेल तर ते सीमेवरचं झाड. फांद्या कुठे गेल्या, सावली कुणाच्या अंगणात पडते, पाचोळा कोण झाडतं, याला या व्याख्येत काही किंमत नाही. अशा झाडाची फळं दोघांची निम्मी निम्मी, आणि तोडलं तर लाकूडही निम्मं निम्मं. दोघांपैकी कोणीही 'झाड काढा' म्हणू शकतो, खर्च दोघांनी सोसायचा. पण दुसऱ्याने 'मला झाडावर हक्कच नको' असं म्हटलं, तर लाकूड मागणाऱ्याचं आणि तोडणावळही त्याच्याच गळ्यात. म्हणजे हट्ट करणाऱ्याला हट्ट पुरवून मिळतो, बिलासकट. २००४ साली सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की असं झाड उभं चिरल्यासारखं दोघांच्या मालकीचं असतं आणि आपापल्या बाजूची काळजी ज्याने त्याने घ्यायची. आपला अर्धा फणस नीट सांभाळला आणि शेजाऱ्याचा अर्धा किडला, हे झाडाला कसं समजावायचं ते न्यायालयाने सांगितलेलं नाही. तरी हेतू लक्षात येतो. पूर्ण जिंकण्याची सोय कलमाने ठेवलेलीच नाही. फार तर अर्धं जिंकता येतं, आणि अर्ध्यासाठी वकील करायला माणूस दोनदा विचार करतो.

तुम्ही म्हणाल, माप हातात आलं की लोक मापाचंच दांडकं करतात. हे खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. बर्लिनमध्ये एकाने शेजाऱ्याच्या काळ्या पाइनच्या आपल्याकडे आलेल्या फांद्या कापल्या, कारण सुया आणि बोंडं अंगणात पडत. झाड सुमारे चाळीस वर्षांचं. मालकाचं म्हणणं, अशा कापणीने झाड कोसळेल. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झाड मरण्याची भीती एवढ्या एका कारणाने शेजाऱ्याचा कापण्याचा हक्क जात नाही. निकाल वाचून माझं मन झाडाच्या बाजूला गेलं. पण कापण्याच्या हक्काचे नियम दुसरीकडून वाचून पाहा: कापण्याआधी मालकाला वाजवी मुदत द्यावी लागते, फांदीचा खरोखर त्रास होत असावा लागतो, आणि वृक्षसंरक्षणाचे नियम असतील तर ते आड येतातच. बर्लिनमध्ये जमिनीपासून १.३० मीटरवर ८० सेंटिमीटर घेर भरला की बहुतेक झाडांना पालिकेचं संरक्षण मिळतं. आपल्याकडेही १९७५ पासून शहरी भागांसाठी झाडांचा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नाशी ओलांडलेल्या झाडाला वारशाचा दर्जा दिला. कुऱ्हाडीला दोन्हीकडे परवानगी लागते; बिनपरवाना चालते ती जीभ.

दुसरा आक्षेप काकूंचा असणार, आणि तो जास्त वजनदार आहे: सेंटिमीटरने मोजलं की शेजारधर्म उरतो कुठे? याचं उत्तर कायद्यात नाही, शीड्सआम्टमध्ये आहे. नाव भारदस्त असलं तरी हे आपले पंच. प्रशियात १८२७ साली सुरू झालेली पद्धत. नगर परिषद पाच वर्षांसाठी कुणा भल्या माणसाची निवड करते, पगार नाही, वकिली शिकलेला असावा ही अट नाही. आमच्या राज्यात फांदी, पडलेलं फळ, हद्दीवरचं झाड असले वाद न्यायालयात नेण्याआधी इथे तडजोडीचा प्रयत्न करावाच लागतो. दोघांना एका टेबलाशी बसवतात. एरवी कुंपणापलीकडून बोलायचं असतं, त्यामुळे आवाज मोठा लागतो. टेबलाशी तो लागत नाही. तडजोड झाली तर सही होते, आणि तो कागद ३० वर्षं बजावता येतो. माप इथे दोघांना टेबलापर्यंत आणून सोडतं. पुढचं त्यांनी बोलून घ्यायचं. आपल्या पंचांकडे माणूस 'न्याय द्या' म्हणून जातो. इथल्या पंचाकडे जाणाऱ्याला निम्म्याची कल्पना आधीच असते, त्यामुळे बोलणं लवकर आटपतं.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. हे कायदे सफरचंद आणि चेरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत. शेजाऱ्याच्या हद्दीत आपणहून गळून पडलेलं फळ शेजाऱ्याचं, असं कलम ९११ सांगतं, आणि ते सफरचंदाला ठीक आहे. फणस लागतो बुंध्याला, आणि पडला तर कुणाचा हा प्रश्न कुणाच्या डोक्यावर पडला यानंतर येतो.

तुम्ही लिहिलंत, 'तिकडचं कलम मराठीत उतरवून पाठव, शेजारी परदेशी कायद्याला वचकतील.' सोबत पाठवतोय, पण दाखवण्याआधी दोनदा वाचा. शेवटी एक अपवाद आहे: झाड हद्दीची खूण असेल आणि त्याऐवजी दुसरी योग्य खूण लावता येत नसेल, तर ते काढायची मागणी करता येत नाही. आपल्या जुन्या खरेदीखताच्या चतुःसीमेत 'पूर्वेस फणस' असं लिहिलेलं असलं तर तेवढा भाग खुशाल मोठ्याने वाचा. त्याच्या वरच्या ओळी मात्र हळू वाचा. त्यात अर्धा फणस त्यांचा निघतो.

काकूंना नमस्कार. गरे तळले की थोडे बाजूला ठेवा, आपल्या हिश्शाचे.

तुमचा पुतण्या